अक्कम्माचं भित्तिचित्र

सोलापूरच्या भवानी पेठेत कुणालाही विचारा, अक्कम्मा वडनालनं चिंचबागेचं मागचं गेट भंगारात विकलं, असं तो छातीठोक सांगेल. कसं विकलं, ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आहे. पानपट्टीवाल्याच्या मते टेम्पो आला होता. गिरणीत दळणाच्या डब्यांवर बसलेल्या बायकांच्या मते टेम्पोबिम्पो काही नाही, म्हातारीनं एकटीनं ओढत नेलं आणि वर भंगारवाल्यालाच चार शिव्या घातल्या. केशकर्तनालयातल्या एका गृहस्थानं तर त्या गेटाचे तुकडे होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. त्याच डोळ्यांनी त्यानं मागच्या वर्षी तळ्यात मगर पाहिली होती.

खरी गोष्ट एवढीच की गेट कुठंही गेलं नव्हतं. दोन दगडी खांबांच्या मधे, गंज चढलेलं, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेलं, ते होतं तिथंच उभं होतं. गेलं होतं ते नकाशातून. आणि त्याला तिथून घालवायला अक्कम्मानं काय केलं म्हणाल, तर एक चादर वाळत घातली.

आता ही चादर साधी नव्हती, आणि अक्कम्मा तर नव्हतीच नव्हती.

अक्कम्मा जगाकडं कशी बघते ते बोळातल्या शेंबड्या पोरालाही करून दाखवता येतं. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, नाकाची उजवी पाकळी जरा उचललेली, जणू समोरच्या माणसाच्या अंगाला कसलासा वास येतोय आणि तो कसला हे तिला ठाऊक आहे. मग एक ‘हं’. भाचेसुनेच्या हातची आमटी, नव्या डॉक्टरचं अक्षर, टीव्हीवर रडणाऱ्या बाया, सगळ्यांची वासलात त्या एका ‘हं’मधे. शेजारच्या जाहिदाची अकरावीतली पोरगी समरा, म्हणजे हे लिहिणारीच, तो ‘हं’ इतका हुबेहूब काढते की एकदा तो ऐकून नरसय्या जिन्यात ताठ उभा राहिला होता. नरसय्या म्हणजे अक्कम्माचा नवरा. ज्या माणसानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो ‘हं’ ऐकला तो फसतो, म्हणजे नक्कल पक्की.

अक्कम्माच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार. खळ असलेली आणि खळ नसलेली. हे कुठून आलं ते सांगायला हवं. तिच्या सासऱ्याचा माग होता. मागावर सूत चढवायच्या आधी त्याला खळ लावतात, म्हणजे पेजेत बुडवून वाळवतात. सूत ताठ होतं, तुटत नाही. पुढं माग गेला, सासरा गेला, मागाच्या खोलीत भाडेकरू आले. खळ तेवढी राहिली. अक्कम्मा दिसेल त्या कापडाला खळ लावते. साड्या ठीक आहे, साड्यांना बऱ्याच जणी लावतात. ती टॉवेलला लावते. तिच्या घरचा टॉवेल अंग पुसत नाही, खरवडतो. आणि ती चादरीला लावते. बाकी सोलापुरात चादर ही पांघरायची वस्तू आहे, अक्कम्माच्या घरात ती भिंतीला टेकवून उभी करायची वस्तू आहे. नरसय्याला कूस बदलायची असली की आधी तिच्या खालून बाहेर यावं लागतं. जाहिदानं एकदा भीत भीत म्हटलं, “अक्कम्मा, जरा नरम चादर दो ना उनको.” त्यावर अक्कम्मा म्हणाली, “नरम चादर फडकं असतंय. फडक्यानं भांडी पुसायची, नवरा झाकायचा नाही.”

तिची लाडकी चादर म्हणजे गडद लाल रंगाची, जोडमोराची. समोरासमोर दोन मोर, मधे कुंडी. त्यातल्या एका मोराचा गळा कधीतरी इस्त्रीनं जळला होता. तिथं तिनं पिवळ्या टॉवेलचं ठिगळ लावलं होतं. लांबून पाहिलं तर मोराला सर्दी झालीये आणि त्यानं मफलर गुंडाळलाय असं वाटायचं.

ही चादर वाळवायला जागा हवी तशी मोठी. ती जागा म्हणजे घरासमोर, बोळाच्या पलीकडं असलेलं चिंचबागेचं मागचं गेट. बागेचा माळी गुरुराज ते सकाळी उघडायचा, ऊन चढलं की बंद करायचा, संध्याकाळी पुन्हा उघडायचा. मधल्या वेळात गेट अक्कम्माचं. गेटाशेजारीच पाटी आहे, ‘उद्यानात कपडे वाळत घालण्यास सक्त मनाई’. त्या पाटीवर ती नरसय्याचे हातरुमाल वाळवते.

पण गेटाची खरी गरज चादरीला नव्हती, नरसय्याला होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं एकेका शब्दावर आलं. डॉक्टरनं सांगितलं, हाताचं विसरा, पाय मात्र रोज चालवलात तर राहील, बसवलात तर बसेल. तेव्हापासून नरसय्या सकाळ-संध्याकाळ काठी टेकत बोळ ओलांडायचा, मागच्या गेटानं आत शिरायचा आणि चिंचांखालच्या सपाट वाटेवर फेरी घालायचा. अक्कम्मा मागून. “पाय उचला की. पाय हाय का पाटा? त्या कुत्र्याला तीन पाय हायत, ते बघा कसं पळतंय.” असा उत्तेजनार्थ मजकूर सगळ्या बागेला ऐकू जायचा. पुढच्या गेटानं जायचं म्हटलं तर मोठ्या रस्त्याला वळसा, तिथं फुटपाथ उखडलेला, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून येणारे ट्रक माणसाच्या कानाला घासून जाणारे. म्हणजे गेट आहे तोवर पाय आहे, हा सरळ हिशेब. तो बोळात सगळ्यांना माहीत होता, आणि बोळाबाहेर कुणालाच नव्हता.

अशात महापालिकेच्या बागखात्याला सुधारायची हुक्की आली. खात्याकडं बागांचे जुने नकाशे होते, त्यातल्या एकात चिंचबागेच्या जागी विहीर होती. तेव्हा साहेबांनी, त्यांचं नाव शिवानंद, असं ठरवलं की हौशी नकाशावाल्यांना हाताशी धरायचं. शहरात ‘नकाशामित्र’ नावाची कॉलेजच्या पोरापोरींची टोळी होती. ही मंडळी मोबाइल घेऊन फिरायची आणि इंटरनेटवरच्या एका खुल्या नकाशात वाटा, बाकडी, नळ, संडास असं काय काय नोंदवायची, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर खात्याचा लोकसहभागावर एकदम विश्वास बसला. करार झाला, हार झाले, फोटो झाले. नकाशामित्रांनी बागा फिरायच्या, खात्यानं त्यांचं काम तपासायचं, आणि मग त्याच नकाशावरून प्रत्येक बागेत पाट्या लावायच्या आणि दुरुस्त्या काढायच्या. कल्पना झकास. आता ज्यांनी फिरायचं ते आणि ज्यांनी तपासायचं ते, एवढी दोन माणसं सोडली तर तिच्यात खोट काढायला जागा नाही.

नकाशामित्रांची म्होरकी दिपाली. टोपी, गॉगल, पाठीवर सॅक, पायात पांढरेशुभ्र बूट. बोलणं असं, की प्रत्येक वाक्याला शेवटी पंख फुटतात. “म्हणजे कसंय ना, मॅप हा लोकांचा असतो, ना? म्हणजे ज्याला जे दिसतं, ते त्यानं टाकायचं, ना?” या ‘ना’ला उत्तर द्यायचं नसतं, हे गुरुराजला माहीत नव्हतं. तो प्रत्येक वेळी “व्हय” म्हणत गेला.

ही फौज चिंचबागेत आली ती भर दुपारी, कारण सकाळी उठणं हे लोकसहभागात बसत नव्हतं. मागचं गेट बंद होतं आणि त्याच्यावर आतबाहेर पसरून जोडमोर वाळत होते. वारा सुटला होता. पण अक्कम्माची चादर वाऱ्यानं हलत नाही. वाराच तिला वळसा घालून जातो. शिवाय गुरुराजनं नुकतंच त्या बाजूला पाणी सोडलेलं, म्हणजे जवळ जायचं तर चिखल. दिपालीनं एकदा चिखलाकडं पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडं पाहिलं, आणि कोरड्या वाटेवरूनच मोबाइलमधे मोठं करून फोटो काढला.

संध्याकाळी नकाशात नोंद आली. ‘मागील बाजू: भिंत. तीवर भित्तिचित्र, जोडमोर. कलाकार: अज्ञात. एका मोराच्या गळ्यातील पिवळा पट्टा हा विणकरांच्या कष्टांचे प्रतीक असावा.’

फोटोचं फार कौतुक झालं. कुणीतरी म्हणालं, आपल्याच शहरात एवढी सुंदर गोष्ट आणि आपल्याला पत्ता नाही. हे बाकी शंभर टक्के खरं होतं.

शिवानंदसाहेबांनी तपासणीचं काम खुर्चीत बसून केलं. भित्तिचित्र पाहून ते हरखले. त्यांनी शेरा मारला, ‘मान्य. भित्तिचित्राचे जतन करावे. संरक्षक जाळी बसवावी.’ आणि जाता जाता हेही मान्य करून टाकलं की चिंचबागेला एकच गेट आहे, पुढचं.

चार दिवसांनी गुरुराज साखळी आणि कुलूप घेऊन मागच्या गेटाशी आला. अक्कम्मा उंबऱ्यात गवार निवडत होती. तिनं विचारलं, हे काय.

“साहेब म्हंतेत, नकाशात हितं गेट न्हाय.”

“आणि तू रोज उघडतोस ते काय हाय?”

“गेटच हाय की,” गुरुराज साखळी ओवत म्हणाला. “पण नकाशात न्हाय.”

“मग कुलूप कशाला लावतोस? भिंतीला कुलूप लावतेत का?”

गुरुराजनं या प्रश्नावर जरा विचार केला. मग कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, “मामी, माझी नोकरी हाय.” अक्कम्मानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत आणि परत खाली असं न्याहाळलं. ‘हं’सुद्धा दिला नाही. तेवढीही त्याची लायकी नव्हती.

मग ठेकेदाराचा माणूस टेप घेऊन आला. त्यानं गेटाची लांबी-उंची घेतली, जाळीचे खांब काँक्रीटमधे कुठं रोवायचे तिथं चुन्याच्या खुणा केल्या. हे गेट आहे हे त्याला दिसत होतं का? अर्थात दिसत होतं. टेपचं टोक त्यानं गेटाच्याच कडीत अडकवलं होतं. पण त्याला मापं घ्यायला पाठवलं होतं, डोकं चालवायला नाही. जाळी एकदा काँक्रीटमधे बसली की गेट कायमचं मेलं.

इकडं नरसय्या पहिल्या दिवशी मोठ्या रस्त्यानं निघाला. वळणावर ट्रकनं हॉर्न दिला. तो दचकला, काठी सुटली, आणि तो उखडलेल्या फुटपाथवर मटकन बसला. दोन हमालांनी त्याला खुर्चीत घालून घरी आणला, गणपती आणतात तसा. लागलं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी काठी दाखवली तर त्यानं भिंतीकडं तोंड केलं. आठवडा गेला. पाय फरशीवर घासत ओढला जाऊ लागला. अक्कम्मा वरवर म्हणायची, “बसा. पांघरा. तेवढंच येतंय तुम्हाला.” पण बोळातल्या कानांनी एक गोष्ट टिपली होती. ती नरसय्याला ‘हं’ म्हणायची बंद झाली होती.

मग उंटावरचे शहाणे जमले. प्रत्येकाचा सल्ला एकच: साहेबाकडं जा, हात जोड, रड थोडी, म्हातारं माणूस बघून दया येईल. समरानं दुसरा उपाय केला. नकाशा खुला आहे, कुणालाही बदलता येतो असं ऐकलं होतं, तर तिनं मोबाइलवरून तिथं गेट टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत कुणा नकाशामित्रानं ते काढलं आणि खाली लिहिलं, ‘कृपया कलाकृतीची विटंबना करू नये.’

शेवटी अक्कम्मा गेली साहेबाकडं. समरा बरोबर होती, म्हणून ऐकीव काही नाही. शिवानंदसाहेब म्हणजे गोल चेहरा, गोल आवाज, आणि तोंडात सरकारी भाषेचा तोबरा. “आजी, आपली भावना रास्त आहे. परंतु वस्तुस्थितीदर्शक नकाशात सदर ठिकाणी गेट दिसून येत नाही.” अक्कम्मा म्हणाली, या बघायला. साहेब म्हणाले, जागेवरची संयुक्त पाहणी ठरलेली आहे, खातं आणि स्वयंसेवक दोघं मिळून येतील, त्याच दिवशी जाळीच्या कामाचा नारळ फुटेल, त्याआधी काही होत नाही. आणि त्यांनी मोठ्या कौतुकानं संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. “हे बघा. ही भिंत.”

पडद्यावर जोडमोर होते. डावीकडच्या मोराच्या गळ्यात पिवळं ठिगळ होतं.

अक्कम्मानं ते पाहिलं. हनुवटी वर गेली, डोळे अर्धे मिटले, नाकाची उजवी पाकळी हळूच उचलली गेली. समराला वाटलं, आता फुटतोय बाँब. पण ती फक्त म्हणाली, “हं.”

“आवडलं ना?” साहेब म्हणाले. “आपली संस्कृती आहे, आजी.”

परत येताना रिक्षात समरा तिच्यावर उखडली. सांगितलं का नाहीस ती तुझी चादर आहे म्हणून? अक्कम्मा रस्त्याकडं बघत म्हणाली, “चादर कुठली आणि भिंत कुठली हे ज्याला कळत नाही त्याला काय सांगायचं? सांगितलं असतं तर त्यानं लिहून घेतलं असतं, म्हातारी भिंतीला चादर म्हणतीय.”

“मग आता हात जोड.”

“माझे हात लुगडं पिळायला हायत.”

इथं पैज लागली. समरा म्हणाली, अक्कम्मा, तू त्या साहेबापुढं हात जोडल्याशिवाय ते गेट उघडत नाही. जोडलेस की मी जिंकले, मग तू सगळ्या बोळासमोर खुर्चीत बसून तुझी नक्कल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, मधे उठायचं नाही. अक्कम्मानं विचारलं, आणि न जोडता उघडलं तर? समरा म्हणाली, तर तू म्हणशील ते. अक्कम्मानं तिला नीट न्याहाळलं, जसं बाजारात वांगं न्याहाळतात, आणि म्हणाली, “तर ती मोराची चादर पांघरून झोपायचं. थंडी सरंपर्यंत.”

समरा हसत सुटली. जिंकल्यातच जमा होती ती.

पाहणीच्या आदल्या दिवशी अक्कम्माच्या चुलीवर पेजेचं पातेलं चढलं ते दुपारपर्यंत उतरलं नाही. चादर एकदा बुडवली, वाळवली, पुन्हा बुडवली. पाहणीच्या दिवशी उजाडल्या उजाडल्या तिनं ती बोळाच्या बाजूनं गेटावर चढवली. दोन्ही मोर बागेकडं तोंड करून बसले, आणि खळ अशी की कडकनाथ कोंबड्यासारखे ताठ.

दहाच्या सुमाराला मंडळी पुढच्या गेटानं आली. शिवानंदसाहेब, खात्यातली तीन-चार माणसं, दिपाली आणि तिची टोळी, एक कॅमेरावाला, नारळ घेतलेला ठेकेदार, आणि सगळ्यात मागं जमिनीत शिरायला जागा शोधणारा गुरुराज. त्या दिवशी त्यानं पाणी सोडलेलं नव्हतं, साहेबांचे बूट होते ना. तरी मंडळी चित्रापासून हातभर नव्हे, चांगली दहा पावलं लांब थांबली. कलेपासून अंतर ठेवून उभं राहायचं असतं, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं असावं.

साहेब बोलायला लागले. लोकसहभाग झाला, तंत्रज्ञान झालं, अज्ञात कलावंताला मानवंदना झाली. दिपालीनं पिवळ्या पट्ट्याचा अर्थ सांगितला, म्हणजे कसंय ना, तो विणकराच्या गळ्यातला आवंढा आहे, ना? समरा मागं उभी राहून सगळं तोंडात साठवून घेत होती, वर्षभराची बेगमी.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत अक्कम्मा आली. कमरेवर धुण्याची पाटी. कुणाकडं न बघता ती सरळ चित्रापाशी गेली आणि पालथा हात मोराच्या पोटाला लावून पाहिला, ओलं आहे का.

“अहो आजी,” साहेब भाषण सोडून म्हणाले, “चित्राला हात लावू नका.”

अक्कम्मानं दुसऱ्या मोराचंही पोट पाहिलं. मग वरची कड धरली आणि एक हिसका दिला. भिंत करकरत खाली आली.

मागं गेट होतं. साखळी, कुलूप, पोपडे, सगळं जसंच्या तसं. गेटापलीकडं बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर नरसय्या बसला होता, धुतलेला शर्ट, मांडीवर काठी, आणि गजांमधून आत बघत होता, जशी माणसं प्राणिसंग्रहालयात बघतात. फक्त आत कोण आणि बाहेर कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

ठेकेदाराच्या हातातला नारळ तसाच राहिला. कॅमेरावाला बिचारा कॅमेरा चालूच ठेवून उभा होता, बंद कर असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्कम्मा मात्र कामात होती. आता खळीची मोठी चादर एकट्याला घडी घालता येत नाही, दोन माणसं लागतात, हे सोलापुरात कुणालाही कळतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, सगळ्यात जवळ साहेब होते, त्यांच्या हातात दोन टोकं दिली.

“धरा.”

साहेबांनी धरली. चादरीची टोकं कुणी हातात दिली की माणूस धरतो, त्याला विचार करायला वेळ नसतो. सोलापुरातच वाढलेला गडी, लहानपणी आईबरोबर शेकडो घड्या घातल्या असतील, हातांना सगळं पाठ. अक्कम्मा दोन पावलं मागं गेली, चादर ताणली, झटकली. फाट्ट असा आवाज झाला आणि दिपाली दचकली. मग अक्कम्मानं आपल्याकडची टोकं तशीच दोन्ही हातांत रुंद धरून ठेवली आणि हनुवटीनं खूण केली. साहेब दोन्ही टोकं एकत्र आणत, हात छातीशी जुळवून, मान जरा खाली घालून, एकेक पाऊल तिच्याकडं चालत आले.

तिच्या समोर येऊन थांबले. हात जोडलेले.

अक्कम्मानं त्यांच्या हातातून टोकं काढून घेतली, चादर पाटीत टाकली आणि म्हणाली, “हं. आता उघडा.”

साहेबांनी गुरुराजकडं पाहिलं. गुरुराजच्या खिशातून किल्ली एवढ्या चपळाईनं बाहेर आली की ती इतके दिवस त्याला टोचत असावी. गेट कुरकुरत उघडलं. पहिल्यांदा सावरले ते अर्थातच साहेब. कॅमेऱ्याकडं वळून ते म्हणाले की नकाशा हा सजीव दस्तऐवज असतो आणि प्रत्यक्ष पाहणीतून तो असाच अद्ययावत होत असतो, हेच आज आपल्याला नागरिकांना दाखवून द्यायचं होतं. टाळ्या पडल्या. ठेकेदारानं हातातला नारळ वाया जाऊ नये म्हणून गेटाच्याच खांबावर फोडला. दिपाली लाल होऊन मोबाइलवर भराभरा काहीतरी खोडत होती. तिचं एक मान्य करायला हवं, तिनं लगेच गेट टाकलं, आणि पुरावा म्हणून मघाशी समोर जे दिसलं त्याचा काढलेला फोटोही टाकला.

नरसय्या उठला. काठी टेकली. उजवा पाय उंबरठ्याच्या पट्टीला अडला, घासला, मग उचलला गेला. “लई मोठा पराक्रम,” अक्कम्मा मागून म्हणाली. “चला आता. ते कुत्रं दोन फेऱ्या घालून आलं.”

समरानं त्याच संध्याकाळी पैजेवर वाद घातला. तिचं म्हणणं, घडी घालताना अक्कम्माचे हातही कुठंतरी एकत्र आलेच असणार, म्हणजे जोडले. अक्कम्मा वादात पडली नाही. म्हणाली, तुझ्या मोबाइलमधे तो नकाशा काढ. समरानं काढला. चिंचबागेच्या मागच्या गेटावर बोट ठेवलं की फोटो उघडतो, आजही उघडतो. मागं गेट, पुढं अक्कम्मा, दोन्ही हात सताड रुंद, नाकाची उजवी पाकळी वर. तिच्यासमोर बागखात्याचे साहेब, मान खाली, हात जोडून.

चादर रात्रीच्या आत समराच्या घरी पोचली. दारातून आडवी येईना, तिरकी करून आत घ्यावी लागली. जाहिदा दारात उभी राहून हसत होती, आईपण वगैरे सगळं विसरून. तिनं आपल्या घरची जुनी, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली रजई नरसय्याला पाठवली. नवऱ्याच्या अंगावर फडकं पडलेलं अक्कम्मानं पाहिलं आणि एवढ्यापुरतं न पाहिल्यासारखं केलं.

आता रोज सकाळी नरसय्या चिंचेखाली थांबतो. समरा क्लासला जाताना समोरून येते, तेव्हा काठी किंचित वर करतो आणि वाकड्या तोंडानं, फार आनंदानं विचारतो, “झोप?”

हे लिहिणारी मान हलवते. मान तेवढी अजून हलते. मोराचं ठिगळ बरोबर गळ्याशी येतं, कूस बदलायची तर बाहेर यावं लागतं, आणि सोलापूरची थंडी, जी एरवी चार दिवसांत काढता पाय घेते, ती यंदा हटायला तयार नाही. मागून अक्कम्मा येते. समराच्या गालावर उठलेला चादरीचा वळ बघते, हनुवटी वर करते, डोळे अर्धे मिटते, आणि म्हणते,

“हं.”